पश्चिमेचा झरा

"हळू बोला. आयकता तो."

त्याच्यासमोर समुद्राचं नाव काढलं की हे वाक्य ठरलेलं. बोलता बोलता तो मान जराशी पश्चिमेकडे वळवायचा आणि आवाज खाली आणायचा. शेजारी बसलेल्या उधार मागणाऱ्या माणसाबद्दल बोलावं, तसा. समुद्राला तो कधी दर्या म्हणाला नाही, समुद्र म्हणाला नाही. फक्त 'तो'. वाडीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, याचं कुणाशी तरी भांडण आहे आणि तो कुणी पलीकडच्याच घरात राहतो. खरं म्हणजे तसंच होतं.

त्याचा धंदा विहिरी उपसण्याचा. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तळाला गेलं की बावीत उतरायचं, वर्षभराचा गाळ काढायचा, चिऱ्यांच्या सांध्यांत वाढलेली झाडं उपटायची आणि झरे मोकळे करायचे. हे काम करणारे पुष्कळ. पण हा माणूस प्रत्येक झऱ्याचं पाणी वेगवेगळं ओंजळीत घेऊन चाखायचा आणि खालूनच ओरडून सांगायचा, "उगवतीचो गोड. दक्षिणेचो गोड. पच्छिमेचो... वायच आसा." वायच म्हणजे थोडासा. काय थोडासा आहे ते तो सांगत नसे. सगळ्यांना कळायचं. मग तो वरून चिकणमाती आणि चुना मागवून घ्यायचा आणि तो झरा बुजवून टाकायचा. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या वाडीचं पाणी गोड राहिलं, ते अशा चाळीस उन्हाळ्यांमुळे. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मी असं काही म्हणालो नव्हतो.

मी मूळचा नांदगावच्या बाजूचा, आतल्या भागातला. भात आणि काजू करणाऱ्या घरातला. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं, आणि तो पाहून मला काय वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, एवढी मोठी वस्तू आणि कुणाच्याच मालकीची नाही! पुढे मोटारसायकलवर कोकमाच्या बाटल्या घालून मी मालवणपर्यंत विकल्या, दहा वर्षांत एक एक गुंठा घासाघीस करून जागा घेतली, आणि किनाऱ्याला लागून पर्यटकांसाठी सहा खोल्या बांधल्या. कुणाच्या बापाची मदत नाही. ज्या खोल्यांतून समुद्र दिसतो त्यांचं भाडं जास्त. समुद्राबद्दल माझी भावना विचाराल तर ती एवढीच.

माझ्या बायकोची वेगळी. ती इथलीच, रापणीच्या घरातली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. तिच्या दृष्टीने समुद्र म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना ती "बाबा, सांभाळ" म्हणते आणि दरवर्षी रडते. कशासाठी रडतेस, विचारलं तर तिलाही सांगता येत नाही. तिचा भाऊ रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. तोही तसाच. एकदा आमच्या ओसरीवर त्याचं आणि या बाववाल्याचं जुंपलं.

"काका, तेका वायट बोला नको. तो आमका देता."

"देता?" हा म्हणाला. "चार बांगडे देता आणि बाव नेता."

"मग बांगडे खातास कित्याक?"

"बांगडे तेचे नाय. बांगडे बिचारे थय अडाकले हत."

मेहुण्याला हसू आवरेना. मीही हसलो. पण तो हसला नाही. चारशे पावलांवर समुद्र असून त्या माणसाने आयुष्यात त्याच्यात पाय बुडवला नव्हता. पुण्या-मुंबईची माणसं लहान मुलांसारखी लाटांत लोळताना दिसली की तो वाट बदलायचा. "हेंका कळणा नाय," म्हणायचा. "वयसून न्हातत. तो खालसून येता."

पहिल्या वर्षी माझी बाव उपसून तो वर आला, पंचा पिळला आणि मला म्हणाला, "शेटानू, पाणी बरां आसा. पण पंप अर्धो तास. सकाळी अर्धो, सांजचो अर्धो. जास्ती ओढलास तर गोड पाणी सरता आणि तेच्या जाग्यार तो येता."

शेटानू हे तो मान देऊन म्हणायचा की टोचून, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

"अर्ध्या तासान माझां काय भागतला?" मी म्हटलं. "दोन तास."

"अर्धो."

"बरां, दीड."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "माका सांगून काय उपयोग? मी घरी जातलंय. तेच्याबरोबर घासाघीस करशात?"

आता तुम्हीच सांगा, धंदा करणाऱ्या माणसाने हे ऐकून काय समजावं? मी समजलो ते असं. माझ्या दक्षिणेला दुसऱ्या एकाचं मोठं रिसॉर्ट उभं राहत होतं. तिथल्या कट्ट्यावर या बाववाल्याला मी चहा पिताना पाहिलं होतं, तेही दोनदा. माझ्याकडे पाणी कमी म्हणजे माझ्याकडे गिऱ्हाईक कमी. चहा पिणाऱ्या माणसाचा सल्ला कुठून येतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शिवाय एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. समुद्रावर प्रेम करणारा पाहुणा गोडं पाणी फार वापरतो. समुद्रात जाऊन आला की आंघोळ. जेवून पुन्हा गेला की पुन्हा आंघोळ. कपड्यांतली वाळू, पोरांच्या केसांतली वाळू, चपलांतली वाळू, सगळी गोड्या पाण्याने धुवायची. वर तक्रार की पोहायला तलाव नाही. समोर अख्खा समुद्र पसरलेला, आणि यांना त्याच्याकडे बघत गोड्या पाण्यात पोहायचं असतं! मी तलाव बांधला आणि त्यासाठी कुंपणाजवळ बोअर मारली. दिवसाला पाच-सहा तास पंप चालायला लागला. दोन वर्षं काही झालं नाही. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, तुझा बाबा कुठे आला?"

तिसऱ्या वर्षी, ऐन मे महिन्यात, खोल्या भरलेल्या, अंगणात पाहुणे आंबे खात बसलेले, आणि हा माणूस ओल्या पंच्यानिशी फाटकातून आत आला. वाडीची बाव उपसून सरळ आला होता. वाडीची बाव म्हणजे सगळ्यांची पिण्याची. अंगणाच्या मध्ये उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेटानू, बोअर बंद करा. वाडयेच्या बावीत तो इलो."

एक पाहुणी बाई दचकून उभी राहिली. "कोण आला?" म्हणाली.

माझं डोकं फिरलं. ते लवकर फिरतं, हे सगळ्यांना माहीत आहे, मी नाकारत नाही. पण आजही माझं म्हणणं तेच आहे. त्याने मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. एका माणसाने आयुष्य घालून उभा केलेला धंदा, आणि तुम्ही त्याच्या गिऱ्हाइकांसमोर म्हणता, पाणी नासलं? मी त्याला म्हटलं, "कोणी पाठवल्यान तुका? बाजूवाल्यान? चायबरोबर आणि काय दिल्यान?"

"जीब सांगता तां सांगलंय," एवढंच म्हणाला आणि गेला.

वाडीची बैठक ठरली. रविवारी, देवळाच्या मंडपात. बोअर बंद करायची की नाही, याचा निकाल. माझा तलाव, माझ्या खोल्या, सगळंच त्यात आलं. आणि निकाल कशावर? एका म्हाताऱ्याच्या जिभेवर!

शनिवारी मी त्याच्या घरी गेलो. समजूत घालता आली तर बघावी, नाहीतर दम द्यावा, असा विचार होता. त्याची बायको कधीच गेलेली, मुलगी बांद्याला दिलेली. घरात एकटा. माझ्याशी भांडण असूनही त्याने रिवाजाप्रमाणे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "घेवा," म्हणाला. "आमच्या बावीचां पाणी. अख्ख्या वाडयेत असां मेळाचां नाय."

मी गूळ तोंडात टाकला आणि पाणी प्यालो.

गुळामुळे ते अधिकच जाणवलं असेल. पाणी मचूळ होतं. मचूळ काय, चांगलं खारट होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होता. त्याला खरंच गोड लागत होतं. रोज तेच पाणी प्यायचं, रोज किंचित बदलत गेलेलं. साऱ्या वाडीच्या बावी चाखणाऱ्या माणसाने स्वतःची बाव कधी चाखलीच नव्हती. ती त्याने नुसती प्यायली होती.

आणि त्याची बाव माझ्या बोअरपासून कुंपण ओलांडलं की पहिलीच. सगळ्यांत जवळची.

म्हणजे त्याचं म्हणणं खरं होतं. हे मला तिथेच, तोंडात गूळ असतानाच, कळलं. दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी कळलं. धंद्यात मी असाच वर आलो आहे.

"कसां आसा?" त्याने विचारलं.

"बरां आसा," मी म्हटलं.

रविवारी मंडपात मीच सूचना मांडली. म्हटलं, काकांच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास आहे ना? मग परीक्षा होऊन जाऊ दे. पाच पेले भरून आणू. पाच बावींचं पाणी. कुठला कुठल्या बावीचा हे काकांना सांगायचं नाही. मेहुण्याने पाणी आणलं. त्याला मी घरं सांगितली होती, कारण सांगितलं नव्हतं.

तो पाटावर बसला. पहिला पेला, "गोड." दुसरा तोंडात धरून डोळे मिटले, "वायच आसा." तो वाडीच्या बावीचा होता. बायकांमध्ये कुजबूज झाली. तिसरा गोड. चौथ्याचा घोट घेतला मात्र, त्याचा चेहराच बदलला. पेला त्याने लांब धरला. "हेच्यात तो आसा," म्हणाला. "पुरो आसा. कोणाची बाव ती? हेंचो पंप आजच्या आज बंद करा."

"पंप नाय तिका," मी म्हटलं. "कप्पी आसा. ती तुझी बाव, काका."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा मंडप हसला. माणसं दुष्ट नव्हती. चाळीस वर्षं ज्याने प्रत्येकाच्या बावीत दोष काढले, त्याच्याच बावीत मीठ निघालं, याला कोण हसणार नाही? मी ती संधी सोडली नाही. "जेका आपल्या घरातलां मीठ कळणा नाय, तो आमका काय सांगतलो?" मी म्हटलं. पुन्हा हशा.

पाचवा पेला तसाच राहिला. त्याने पंचा खांद्यावर टाकला आणि मंडपाच्या पायऱ्या उतरला. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं की माझी बाव खारी झाली म्हणजेच शेटाची बोअर समुद्र ओढते आहे. दोन वाक्यांत मी भुईसपाट झालो असतो. पण त्याला ते सुचलंच नाही. मी त्याचा चेहरा पाहिला होता. बोअर, वाडी, मी, यांतलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. तो आपल्या तोंडात जीभ फिरवून बघत होता, एखादा दात हलतो आहे का बघावा तशी.

मेहुणा तेवढा माझ्याकडे रोखून पाहत होता. त्याच्याकडे मी पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्याला कुणी बोलावलं नाही. गणपतीनंतर बांद्याहून मुलगी आली आणि त्याला घेऊन गेली. लोक म्हणाले, शेटाने म्हाताऱ्याला गावाबाहेर काढलं. मी कुणाला काढलं नाही. तो गेला. न भांडता जाणारा माणूस मागे राहणाऱ्याची किती बदनामी करून जातो, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याबद्दल माझ्या मनात राग आहे.

पुढचा मे आला. वाडीत आधी चहा फाटायला लागला. दूध घातलं की चोथा-पाणी. मग डाळ शिजेना. पाहुणे म्हणायला लागले, साबणाला फेस येत नाही. पाण्याच्या कळश्या घेऊन बायका लांब रस्त्यापलीकडच्या बावीवर जाऊ लागल्या. जाताना माझ्या फाटकासमोरून जायच्या, बोलत नसत, फक्त फाटकापाशी आल्या की बोलणं थांबवायच्या. माझी बायकोही त्यांच्यात कळशी घेऊन जायला लागली, तेव्हा मी बोअर बंद केली. तलावात वाळू भरली. कुणी सांगितलं म्हणून नाही.

पण उघडा झालेला झरा आपोआप मिटत नाही. दुसरे बाव उपसणारे आणले. त्यांनी गाळ काढला, पैसे घेतले आणि म्हणाले, झरा कुठला खारा ते आम्हाला कसं कळणार, सगळं पाणी एकच. शेवटी मी बांद्याला गेलो.

हायवेच्या कडेला मुलीचं घर. तो पडवीत खुर्चीवर बसला होता. फार वाळला होता. समोरून ट्रक जात होते.

"बसा शेटानू," म्हणाला. "हय बरां आसा. हय तो नाय."

मी सगळं सांगितलं. फाटलेला चहा सांगितला, डाळ सांगितली. म्हटलं, "चला. गाडी आणलंय. चार दिवस रवा, झरो दाखवा."

"नाय."

"दोन दिवस."

"शेटानू, जीब गेली माझी. माका माझ्या जिबेचो इस्वास नाय. परत भरल्या मंडपात माका बसवशात?"

"एक दिवस. सकाळी जावया, सांजचे परत."

तो नुसती मान हलवत राहिला. आयुष्यात मी शेकडो सौदे केले. समोरच्याला काय हवंय ते कळलं की सौदा होतो. आणि याला काय हवंय ते मी नांदगाव सोडल्यापासून कुणालाच कधी दिलं नव्हतं. मी घाम पुसला आणि माझा आवाज चढला. मला गोड बोलता येत नाही.

"मेल्या, तुझी जीब बरोबर होती!" मी ओरडलो. आतून त्याची मुलगी बाहेर आली. "तुझ्या बावीत तो इल्लोच. माझ्या बोअरीन इल्लो. तुझ्या घराकडे गूळपाणी घेतलंय तेवाच माका कळलां. म्हणानच तो पेलो ठेवलंय थय!"

दोन ट्रक गेले. मुलगी दारातच उभी राहिली.

"शनवारीच कळलां तुमका?" त्याने विचारलं.

"व्हय."

"एका घोटान?"

"व्हय."

"म्हणजे तुमची जीब बरी आसा," म्हणाला. मग मुलीकडे वळून, "गो, शेटांका चाय ठेव."

आला तो नाहीच. त्याला चालवत नव्हतं. पण चहा पिता पिता त्याने सगळं सांगितलं. वाडीच्या बावीत पश्चिमेच्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात, एक कोपरा तुटलेला चिरा. त्याच्या खालून. चिकणमाती किती, चुना किती, बोटाने कशी दाबायची, हे त्याने खुर्चीच्या दांड्यावर करून दाखवलं. "आणि तुमी उतरा," म्हणाला. "दुसऱ्याक धाडू नका."

"मी? माका पोवूक येणा नाय."

"कंबरभर पाणी. उभ्यान रवाचां."

"मेवण्याक उतरवतंय ना."

"तुमी," तो म्हणाला. त्यावर घासाघीस झाली नाही.

मी उतरलो. सारी वाडी वरून वाकून बघत होती. खाली इतकं गार असतं हे मला माहीत नव्हतं. वरची माणसं एवढीशी दिसतात, आणि आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो. मी हातांनी एक एक चिरा चाचपत गेलो. तुटका कोपरा बोटांना लागला. त्याच्या खाली तळहात धरला, आणि पाणी हळूच हात ढकलत होतं. जोर नव्हता. घाई नव्हती. खोलीच्या भाड्यात मी जो समुद्र इतकी वर्षं विकला, त्याची भीती मला पहिल्यांदा वाटली ती तिथे, तो दिसतही नसताना. मी माती दाबत गेलो. दाबताना जे काही पुटपुटलो ते मोठ्याने नव्हतं.

श्रावणात तो बांद्याला वारला. मी निरोप मिळाल्यावर गेलो, पण पोचायच्या आधी सगळं आटोपलं होतं. झरा बुजवला हे मी त्याला फोनवर कळवलं होतं. "मगे चाखलास?" त्याने विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "गाळ बसू दे."

आता दुसरा उन्हाळा चालू आहे. वाडीच्या बावीवर रोज सकाळी वाद होतो. माझी बायको म्हणते, पाणी पहिल्यासारखं गोड झालं. मेहुणा म्हणतो, अजून वायच आसा. एक म्हातारी म्हणते, आसा. तिची सून म्हणते, नाय. कधी कधी कळशी माझ्यापुढे करतात, म्हणतात, शेटानू, तुमी सांगा, तुमी उतरलास. मी घोट घेतो. मला ते गोड लागतं.

पण हल्ली मी रोज तेच पाणी पितो. कळशी परत देतो आणि सांगतो, मला विचारू नका.